रस्त्याची रेघ पडण्याआधी

किनवटबद्दलचे जुने कागद एका कपाटात सापडत नाहीत. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होईपर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. महसुलाचा कारभार उर्दूत चालायचा, तालुक्यावर हुकूम आदिलाबादहून आणि त्याच्याही वर हैदराबादहून सुटायचे. तालुका नांदेडला जोडला गेला, मराठीत आला, पण त्याचा भूतकाळ तीन ठिकाणी विखुरला. अशा गावात रस्ते, वाडे, बाजार आणि सरकारी इमारती यांनाच दस्तऐवजाचं मोल येतं. कागद लांब असला तरी भिंत जागेवर असते.

निदान रुंदीकरणाची मोजणी सुरू होईपर्यंत तरी असते.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कोणत्याही गावात हा प्रकार साधारण एकाच क्रमाने घडतो. विकास आराखड्यात, म्हणजे बोलीतल्या ‘डीपी’त, जुन्या पेठेतला नऊ-दहा मीटरचा रस्ता पंधरा किंवा अठरा मीटरचा दाखवलेला असतो. वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एके दिवशी टेप घेऊन माणसं येतात, रस्त्याच्या मध्यापासून मोजतात आणि भिंतींवर लाल रंगाचं मार्किंग करून जातात. पहिल्या फटक्यात वाड्याची ढाळज आणि दर्शनी दरवाजा जातो. तोंड नसलेला वाडा मालकालाही नकोसा होतो. त्यात सात-आठ वाटेकरी असतात, कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला. जुनं सागवान विकत घेणारे व्यापारी चौकशी करू लागतात. खांब, तुळया, कोरीव चौकटी ट्रकमध्ये चढतात आणि शहरातल्या फार्महाऊसमध्ये किंवा हॉटेलांत ‘पारंपरिक सजावट’ म्हणून पुन्हा उभ्या राहतात. जागेवर शटरचे गाळे येतात. यात बेकायदा काहीच नसतं. पाडण्याआधी या घराला काही मोल होतं का, असं विचारणारा कागदच फाईलमध्ये नसतो.

तो कागद म्हणजे वारसा यादी. गावातल्या कोणत्या इमारती, कोणत्या गल्ल्या, कोणते बाजार आणि पाणवठे ऐतिहासिक महत्त्वाचे आहेत हे शोधून, मोजून, फोटोसह नोंदवून ठेवलेली आणि कायदेशीर मान्यता मिळालेली यादी. मराठवाड्यात किल्ले-लेण्यांच्या याद्या जुन्या आहेत. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम यझदानींसारखा जाणकार संचालक त्याला लाभला. पुढे केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आला. माहूर, कंधार, होट्टल ही नावं त्यामुळे सरकारदप्तरी आहेत. पण माणसं राहतात ती पेठ, माल विकतात तो गंज, निजामी काळातलं रेल्वे स्टेशन किंवा जंगलखात्याचा बंगला यांना स्मारकांच्या कायद्यात फारशी जागा नाही. त्यांची सोय नगररचनेच्या कायद्यात आहे, आणि तो कायदा पाळायचा आहे नगरपरिषदेने.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्यात काय काय असावं हे सांगताना ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांचं जतन स्पष्ट शब्दांत आलं आहे. त्याच कायद्यानुसार आराखडा काढण्याआधी गावाच्या सध्याच्या जमीनवापराचा नकाशा तयार करावा लागतो. सगळी किल्ली इथे आहे. या नकाशासाठी माणसं गल्लोगल्ली फिरतातच. घर, दुकान, गोदाम, मंदिर, पडीक जागा असे रंग भरले जातात. त्याच फेरीत ‘जुनी, महत्त्वाची वास्तू’ असा आणखी एक रंग भरला, तर रस्त्याची रेघ ओढणाऱ्याला ती समोर दिसते आणि रेघ चार मीटर अलीकडे किंवा पलीकडे ओढता येते. कागदावर रेघ हलवायला खर्च येत नाही. पण आराखडा मंजूर होऊन मोबदले ठरल्यावर तीच वास्तू ‘अडथळा’ ठरते आणि तिच्या बाजूने बोलणारा विकासविरोधी.

मराठवाड्याला जुन्या घरांबद्दल माया कमी का, याचं उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेत आहे. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण झालं. जुनं घर म्हणजे मरण, हे समीकरण त्या पिढीच्या मनात बसलं आणि भूकंपाची झळ न लागलेल्या गावांतही माळवदं उतरून पत्रे आणि स्लॅब आले. या भीतीला कोणी नावं ठेवू नयेत. मात्र भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांच्या नजरेला आणखी एक गोष्ट आली होती. छताचा भार जिथे लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता, तिथे भिंती बाहेर पडूनही सांगाडा पुष्कळदा उभा राहिला. म्हणजे सगळी जुनी घरं सारखी नव्हती. कोणती धोक्याची आणि कोणती टिकाऊ हे घराघरांत जाऊन पाहावं लागतं, आणि यादी करताना नेमकं तेच करायचं असतं. ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस चिकटवायला मात्र बाहेरून एक नजर पुरते.

नांदेड शहराने मोठं पुनर्निर्माण २००८ मध्ये पाहिलं. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली गोदाकाठी गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं, त्याला तीनशे वर्षं पूर्ण होत होती. गुरु-ता-गद्दीच्या त्या सोहळ्यासाठी केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून शहरात प्रचंड निधी आला. रस्ते रुंद झाले, विमानतळ अद्ययावत झालं, घाट झाले, महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेल्या सचखंड गुरुद्वाराभोवतीचा दाट परिसर मोकळा झाला. आज भाविकाला तिथे जी ऐसपैस जागा मिळते, ती नांदेडकरांना हवीच होती. पण जुन्या गल्ल्या गेल्या त्यांचं घर-घर टिपलेलं चित्र सामान्य वाचकाच्या हाती कुठे आहे? वाचवण्यासारखं सगळं वाचवता आलं असतं असं नाही. निदान काय पाडतोय याची नोंद करून पाडता आलं असतं. वारसा यादीचा हा दुसरा आणि कमी बोलला जाणारा उपयोग आहे: जे राखता येत नाही त्याचं मोजमाप, नकाशा आणि फोटो तरी मागे राहतात.

घाईत पाडलं की काय हाती लागतं याचं उदाहरण काशीत मिळालं. १७८० साली अहिल्यादेवी होळकरांनी उभारलेल्या विश्वनाथ मंदिराभोवती कॉरिडॉर करताना शेकडो घरं विकत घेऊन पाडली गेली, आणि त्यांच्या पोटात दडलेली चाळीसहून अधिक जुनी मंदिरं उघडी पडली. घरांच्या भिंतींनी ती गिळली होती. आधी आतून पाहणी झाली असती तर हा ‘शोध’ पाडकामाच्या ढिगाऱ्यात लागला नसता. पंढरपुरात कॉरिडॉरची चर्चा सुरू झाल्यावर तिथले रहिवासी आणि व्यापारी एवढे सावध का झाले, हे काशी पाहिलेल्याला कळतं.

आता लातूर. गावाच्या पोटातली गंज गोलाई १९१७ सालची. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला गोल चौक, मधे दुमजली इमारत, तिच्या पोटात अंबाबाईचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. सोन्याचांदीचा रस्ता वेगळा, चपलांचा वेगळा, मिरचीचा आणि गुळाचा वेगळा. हैदराबादेत १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर १९१२ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झालं होतं. आखीव बाजार आणि रुंद रस्ते यांचं वारं त्या काळात निजामी मुलखात वाहत होतं, आणि गोलाई त्याच काळातली. तिचं महत्त्व एका इमारतीत शोधलं तर हाती फार लागत नाही. ते सोळा रस्त्यांच्या रचनेत आहे. मधली इमारत रंगवून, दिवे लावून ठेवली आणि भोवतीच्या सोळा रस्त्यांवर काचेचे मॉल उभे राहिले तर गोलाई उरली असं कोणी म्हणणार नाही. म्हणून वारसा यादीत ‘वास्तू’सोबत ‘परिसर’ हा वेगळा रकाना असतो.

भारतात ही पद्धत प्रथम कायद्याने आणली मुंबईने, १९९५ साली. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर तीन श्रेणींत विभागले गेले. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू, त्यांना जवळपास हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक आणि स्थानिक महत्त्वाच्या, त्यांत परवानगीने मर्यादित बदल. तिसरीत रस्त्याचं रूप घडवणाऱ्या साध्या इमारती, ज्यांच्या आत पुष्कळ बदल चालतात, फक्त परिसराचा बाज बिघडवायचा नाही. पुढे २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. पाव शतकापूर्वी यादी झाली नसती तर त्यातल्या किती शिल्लक राहिल्या असत्या, सांगवत नाही.

पण मुंबईनेच दुसरा धडाही दिला. २०१२ मध्ये महापालिकेने आणखी नऊशेहून अधिक नावांची यादी जाहीर केली. त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता, बीडीडी चाळी होत्या. रहिवासी खवळले. गळक्या छताखाली राहून पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या माणसाला वर्तमानपत्रातून कळलं की त्याचं घर आता वारसा आहे. त्याला विचारलं कोणी नव्हतं, दुरुस्तीचे पैसे कुठून येणार हेही कोणी सांगितलं नव्हतं. यादी चुकीची होती असं म्हणता येत नाही. ती उशिरा आणि मालकाच्या अपरोक्ष आली. छोट्या गावाने मुंबईकडून घ्यायचंच असेल तर हे आधी घ्यावं.

काय महत्त्वाचं, हे ठरवताना डोळे सौंदर्याकडे जातात. पुण्याच्या भिडे वाड्याने ती सवय मोडायला हवी होती. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा जिथे सुरू केली तो हा वाडा. दिसायला पेठेतल्या इतर वाड्यांसारखाच, किंबहुना साधा. राष्ट्रीय स्मारकाची मागणी झाली, जागेवरून वाद झाले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ च्या नोव्हेंबरात निकाल महापालिकेच्या बाजूने लागला आणि डिसेंबरात वाडा पाडण्यात आला, कारण तोवर तो उभा राहण्याच्या अवस्थेत नव्हता. स्मारक आता नव्या इमारतीत होणार. महत्त्व सगळ्यांना ठाऊक असूनही वास्तू गेली.

उलट उदाहरण हैदराबादचं आहे. २०१९ मध्ये तेलंगण सरकारने इर्रम मंझिल हा जुना महाल पाडून तिथे नवं विधानभवन बांधायचं ठरवलं. उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. महाल फार देखणा आहे म्हणून तो वाचला असं नाही. नगररचनेच्या नियमांत त्याचं नाव संरक्षित वास्तू म्हणून नोंदलेलं होतं आणि ते रीतसर काढलेलं नव्हतं. एका ओळीच्या नोंदीने मंत्रिमंडळाचा निर्णय अडवला.

किनवटच्या यादीत काय येऊ शकेल? इथे कोणी ताजमहाल शोधू नये. पैनगंगेच्या काठचं जुनं गाव, सागवानाचं जंगल, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग आणि डोंगराळ भागातून उतरणारा बाजार, एवढ्यावर हे गाव वाढलं. म्हणून आधी पाहावी लागतील ती या चार गोष्टींची खुणेची ठिकाणं: नदीकडे उतरणाऱ्या जुन्या वाटा आणि घाट, वनखात्याची जुनी ठाणी, रेल्वेच्या मीटरगेजच्या काळातल्या इमारती आणि क्वार्टर, आठवडी बाजाराची जागा आणि तिच्या कडेची दुकानं. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं तेव्हा अनेक मार्गांवरची जुनी स्टेशनं, पाण्याच्या टाक्या, सिग्नलच्या केबिनी भंगारात गेल्या. या मार्गावर काय उरलं आहे, ते एका रविवारी पाहून होण्यासारखं आहे.

बाजाराची गोष्ट थोडी निराळी. गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा अशा समाजांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे मोह, डिंक, चारोळी घेऊन उतरली आणि मीठ, कापड घेऊन परत गेली. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने आदिवासींच्या प्रश्नांसाठी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली आणि त्याने आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ लिहिला. किनवट तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. गावातला दगडी वाडा यादीत येईल आणि ज्या झाडाखाली शंभर वर्षं बाजार भरला ती जागा ‘मोकळा भूखंड’ म्हणून आरक्षणात जाईल, हा धोका अशा गावात खरा आहे. वाड्याला मालक असतो, हरकत घेणारा असतो. बाजाराच्या जागेसाठी कोण येणार?

काम अवघड आहे का? मुळीच नाही. घराघराचा एक फॉर्म करावा: नगर भूमापन क्रमांक, अंदाजे वय, बांधकामाचं साहित्य, मूळ वापर, आजचा वापर, पडझड किती, घराशी जोडलेली घटना किंवा व्यक्ती, चारही बाजूंचे फोटो. गावातल्या बळीराम पाटील महाविद्यालयाचे विद्यार्थी एका सुट्टीत जुनी पेठ पिंजून काढू शकतात. श्रेणी ठरवायला वास्तुविशारद, इतिहासाचा जाणकार आणि नगररचना खात्याचा माणूस लागतो. त्यासाठी वारसा जतनाचं काम करणाऱ्या इंटॅकसारख्या संस्था आणि पुरातत्त्व विभागाचं नांदेडचं कार्यालय आहे. म्हाताऱ्या माणसांशी बोलणं मात्र विद्यार्थ्यांनीच करावं, कारण तज्ज्ञ दोन दिवसांत परत जातात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कोणाच्या घरी बैठका व्हायच्या, कोणत्या वाड्यात लोक लपले, रझाकारांनी कोणती घरं जाळली, या आठवणी १९४८ सालच्या आहेत. त्या सांगणारी माणसं झपाट्याने कमी होत आहेत. इमारत एखादं वर्ष थांबेलही.

जुने कागद वाचायला कोण आहे, हा प्रश्न मराठवाड्यात विचारायची सोय आता उरलेली नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरखान्यांची दारं उघडली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, खासरा पाहणीची पत्रकं बाहेर निघाली, हैदराबादपर्यंत माणसं गेली. गरज पटली की निजामी दप्तर वाचता येतं, हे सरकारनेच दाखवून दिलं आहे. त्याच गठ्ठ्यांत बाजाराचे हुकूम आणि सरकारी बांधकामांच्या फाईलीही सापडायला हव्यात.

अडचण पैशाची आहे, आणि ती झाकून ठेवू नये. मोठ्या शहरात वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेलं बांधकाम टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून विकता येतं. अहमदाबादेत जुन्या पोळांमधली दोन हजारांहून अधिक लाकडी घरं नोंदवताना हाच आधार मालकांना दिला गेला. २०१७ मध्ये ते जागतिक वारसा शहर झालं. किनवटात हा टीडीआर कोण विकत घेणार? जिथे गावाबाहेर जमीन स्वस्त मिळते तिथे टीडीआरला बाजार नसतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहे, पण तिला जीव आणायचा तर नगरपरिषदेला साध्या गोष्टी कराव्या लागतील: यादीतल्या घराला मालमत्ता करात सूट, दुरुस्तीची परवानगी महिन्याच्या आत, माळवद बांधता येणाऱ्या गवंडी-सुतारांची नावं, आणि रस्ता खरंच रुंद करायचा असेल तर वाहनं बाहेरून वळवण्याचा विचार आधी. वाडा राखणाऱ्याने तो स्वतःच्या खिशातून गावासाठी राखावा, अशी अपेक्षा निव्वळ अन्यायाची आहे.

विकास आराखडा निदान वीस वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. त्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचनांसाठी नागरिकांना तीस दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत गाव पाहून यादी करणं कोणालाच जमत नाही. आधी केलेली यादी हरकतीसोबत जोडणं मात्र जमतं. हरकत साध्या कागदावर चालते. त्यात वास्तूचा नगर भूमापन क्रमांक, फोटो, तिचं महत्त्व चार ओळींत आणि ‘ही नोंद वारसा यादीत घ्यावी, रस्त्याची आखणी त्यानुसार बदलावी’ अशी स्पष्ट मागणी असावी. अर्जाची पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः जावं. किनवटच्या नागरिकांनी, शाळा-महाविद्यालयांनी आणि नगरपरिषदेने ही यादी पुढच्या प्रारूपाची जाहिरात निघण्याआधी, येत्या उन्हाळी सुट्टीतच करायला घ्यावी.